खंडेनवमीचं तेल

गावात कुणी देवीचा अनुभव सांगायला लागलं की मी उठून बाहेर जात असे. कुणाचं दुखणं बरं झालेलं असे, कुणाची हरवलेली म्हैस घरी आलेली असे, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत आमची खडकाई अगदी वेळेवर हजर. माझ्या वेळेला ती कुठे होती, असं मी विचारलं की लोक माना खाली घालत किंवा पावसापाण्याचा विषय काढत. त्यामुळे आज मी स्वतःच असला अनुभव लिहायला बसलो आहे हे बघून माझी बायको सुमन स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसते आहे. हसू दे. मी देवीची बाजू घ्यायला बसलेलो नाही. झालं तसं सांगतो. राग होता तिथे राग सांगतो, कारण त्या दिवसातून माझा राग वजा केला तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

आमचं गाव बीडजवळच्या पालीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरावर खडकाईचं ठाणं. मिसरूड फुटल्यापासून मी ट्रक चालवत आलो. शाळेत मन रमलं नाही, शेतात तर त्याहून नाही. स्टिअरिंगवर हात ठेवला की मात्र मी माणसात येत असे. रोज गाडी काढताना कपाळाला खडकाईचा अंगारा लावायचा हा आमच्या वडिलांपासूनचा नेम. काही वर्षांपूर्वी असाच अंगारा लावून निघालो आणि एका साखर कारखान्याच्या आवारात चाक बदलताना जॅक सटकला. सगळा भार डाव्या पायावर आला. डॉक्टरांनी सळया घालून पाय वाचवला, पण घोटा कायमचा जाम झाला. चालतो मी, फेंगडा चालतो, पण क्लच दाबायला घोटा लागतो. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, देवीची कृपा म्हणून जीव वाचला. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, वाचवायलाच आली होती तर जरा आधी यायचं होतं, जॅक धरायला. त्या दिवसापासून मी अंगारा लावणं सोडलं आणि देवळाची पायरीही.

दोन पावसाळे मी घरासमोरच्या ओट्यावर बसून काढले. रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून कोण कुठल्या गिअरमध्ये चुकतो आहे ते ओळखायचं आणि मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायच्या, एवढाच उद्योग होता. मग एका खाणीवरच्या जुन्या गाड्या निघाल्या तेव्हा त्यांत एक सहाचाकी टिप्पर ऑटोमॅटिक गिअरचा असल्याचं कळलं. क्लचच नाही. उजव्या पायाने सगळा कारभार. मी घरातलं होतं नव्हतं ते मोडून तो घेतला, हौद काढून त्यावर पाण्याची टाकी बसवली आणि पुन्हा माणसात आलो. उन्हाळ्यात वस्त्यांना पाणी, एरवी बांधकामांना पाणी. लोकांना तो टँकर दिसायचा, मला माझा डावा पाय दिसायचा. तो गेला असता तर मी पुन्हा ओट्यावर, हे मला पक्कं माहीत होतं आणि घरातल्यांनाही माहीत होतं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आसपास गाडी कुचराई करायला लागली. आधी लिव्हर डी वर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर, टाकला की ती लगेच अंग हलवायची. आता टाकल्यावर मध्ये एक थांबा यायला लागला, कामचुकार माणसाला हाक मारल्यावर तो जरा वेळाने ‘ओ’ देतो तसा. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी तिथल्या तिथे, आणि मग मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा झटका बसायचा. सपाटीवर चालून जायचं, चढाला जास्त जाणवायचं. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हे कळलं आणि त्याने लगेच आपलं घोडं पुढे दामटलं. “झालं तेवढं बास झालं,” तो म्हणाला. “गेवराईचा एक वाळूवाला गाडी मागतोय. दसऱ्याला वर देवीला येनार हाय, तवा बघून घील. तू आपलं किराना दुकान टाक. बसून काम.” बसून काम हे शब्द त्याने इतक्या मायेने उच्चारले की मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

त्यातच सुमनने मला न विचारता एक गोष्ट करून ठेवली होती. खडकाईच्या डोंगरावरचं टाकं त्या वर्षी आटलं होतं. दसऱ्याला गावातल्या विहिरीच्या पाण्याने देवीला स्नान घालायचं, मग पालखी निघायची आणि दिवस मावळायच्या आत तिने गावाची शीव ओलांडायची, अशी आमच्याकडची रीत आहे. वर जमणाऱ्या माणसांच्या स्वयंपाकाचं, पिण्याचं पाणीही असतं. एरवी माणसं घागरी घेऊन चढत. आता तेवढी माणसं गावात उरली नाहीत. सुमनने पुजाऱ्यांना शब्द दिला की दसऱ्याचं पाणी आमचा टँकर आणील. मला सांगितलं नवरात्र निम्मं उलटल्यावर. मी पुष्कळ आदळआपट केली. ज्या बाईने माझा पाय घेतला तिला मी आंघोळीचं पाणी नेऊन द्यायचं? सुमन शांतपणे भाकरी थापत राहिली. आमच्या घरात मी ओरडतो आणि शेवटी सुमन म्हणेल ते होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. मी देवीवर रागावलो होतो तरी हत्यारांवर नव्हतो, त्यामुळे गाडी धुतली, पाने आणि जॅक पाटावर मांडले, झेंडूचे हार घातले, नारळ ठेवला. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही आणि गाडी सुरू करायची नाही. ती त्या दिवशी देवाची असते. पण माझ्या डोक्यातून गाडीची खोट जाईना. बीडच्या सलीम मिस्त्रींना फोन लावला. हे माझे जुने दोस्त, या गाडीचं सगळं तेच बघतात. ते म्हणाले, “आज पान्याला हात न्हाई लावत, गॅरेजात समद्याला हार घातलेत. परवा आन. तवर तेल बघून घे. गिअरचं तेल उन्नीस-बीस झालं की ऑटोमॅटिक असंच करती.”

तेल बघायला पाना लागत नाही. कॅबिनच्या मागे एक नळी वर येते, तिच्यात पट्टी असते, ती ओढायची, पुसायची, परत घालून बघायची. ट्रकच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला तेल कसं बघायचं हे कुणी शिकवायला नको. गाडी बंद, थंडगार, गळ्यात हार. मी पट्टी ओढली तर तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर. मला एकदम आनंद झाला. म्हणजे रोग सापडला. तेल जास्त झालं होतं. जास्त तेलाचा फेस होतो आणि फेसाने गाडी ओढत नाही हे मी ऐकून होतो. मी एक बारीक पाइप त्या नळीतून खाली सोडला, डिझेल काढताना ओढतो तसं तोंडाने ओढलं आणि तेल वरच्या खुणेला येईपर्यंत नव्या तेलाच्या रिकाम्या स्वच्छ कॅनमध्ये काढून घेतलं. लालबुंद तेल. तोंडात गेलं ते थुंकलो आणि कॅन उचलून उकिरड्याकडे निघालो.

सुमन दारातच आडवी आली. “आवं, काय करताय? आज खंडेनवमी हाय. आज गाडीच्या अंगातलं काय बी घराभायेर सांडायचं न्हाई.”

मी म्हणालो, हे घाण तेल आहे, लक्ष्मी नाही. तिने माझ्या हातातून कॅन घेतला, झाकण घट्ट लावलं आणि सरळ देवघरात नेऊन ठेवला. वर हळदकुंकू वाहिलं, गळ्याशी लाल नाडा बांधला. दसऱ्याच्या सकाळी मी टाकी भरून निघालो तर तो कॅन सीटच्या मागे ठेवलेला. मी परत ओरडलो. ती म्हणाली, “गाडीचं हाय, गाडीतच राहू द्या. सन झाला की सांडा कुठं बी.” त्या कुंकू लावलेल्या डबड्याकडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सणाच्या दिवशी बायकोशी किती भांडणार?

गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी सुधारण्याऐवजी जास्तच रुसली. डी वर टाकून मी वाट बघायचो, मग ती नाइलाजाने निघायची. मी मनात म्हणत होतो, तेल नव्या मापात बसायला वेळ लागत असेल. माणूस आपल्या चुकीची बाजू घ्यायला लागला की वकिलालाही मागे टाकतो. देवीचा घाट एकेरी आहे. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, समोरून गाडी आली की कुणीतरी रुंद जागेपर्यंत मागे जायचं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि म्हसोबाच्या दगडाच्या वरचा खडा चढ लागल्यावर इंजिनने आकांत मांडला. मी पेडल दाबतो आहे, काटा वर चढतो आहे, आणि गाडी जागची हलत नाही. मग एक झटका, हातभर पुढे, परत नुसता आवाज. मागे भरलेली टाकी. गाडी किंचित मागे सरकली तसा मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि तिथेच बसून राहिलो.

वर देवळाचा भोंगा ऐकू येत होता. पुजारी माणसांना सांगत होते, पाणी वाटेवर आहे. दादा वर होता, तो वाळूवाला वर होता, सगळं गाव वर होतं. आता सगळ्यांना दिसणार होतं की लंगड्याची गाडी आणि लंगडा दोघेही अर्ध्या वाटेत बसले. उद्या गाडी जाणार, परवा मी ओट्यावर. माझा बांध फुटला. काच खाली करून मी डोंगराकडे तोंड केलं आणि खडकाईला, माझ्या वडिलांच्या देवीला, ज्या शिव्या मी कधी क्लीनरलाही दिल्या नाहीत त्या दिल्या. तिला म्हणालो, तुझंच पाणी आहे, तुझाच सण आहे, आणि तरी तू मलाच आडवी येतेस. पाय घेतलास, आता गाडी घे. घे एकदाची आणि मोकळी हो. असं म्हणून मी इंजिन बंद करायला चावीवर हात ठेवला.

“ए टँकर! चावीला हात लावू नको बे!”

वरून सीताफळांनी भरलेला एक टेम्पो येऊन माझ्या तोंडासमोर थांबला होता आणि त्यातून एक पिकल्या दाढीचा माणूस उतरून माझ्या दारापर्यंत पोचला होता. डोक्यावर जाळीची टोपी, हातात फळं कापायचा सुरा. बीडच्या बसस्टँडकडे ज्यांचा फळांचा गाडा लागतो ते हे बागवान चाचा. मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होतो. मी कितीही रागात असलो तरी ते माझ्यापेक्षा जास्त रागात होते.

“बंद केलीस की तुझी गाडी हितंच मुक्काम करती. मी लई बघितल्यात असल्या,” ते म्हणाले. “माझ्या मालाचे डोळे उघडलेत. सीताफळ हाय ते, तुझ्यासाठी थांबतंय व्हय? आन तिला कावून शिव्या देतो बे? ती वर हाय. मी हितं समोर हाय, मला दे.”

मी म्हणालो, “गाडी वढत न्हाई, चाचा.”

“पुढं वढत न्हाई तर मागं घे. पन चालू ठिवून घे.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. गाडी बंद केली असती तर ब्रेकची हवा उतरली असती, स्टिअरिंग जड झालं असतं, आणि भरला टँकर त्या उतारावर कुणालाच हलवता आला नसता. मी गिअर सोडला आणि ब्रेकवर हळूहळू मागे यायला लागलो. चाचा मागे जाऊन टाकीवर थापा मारत होते, येऊ दे, येऊ दे, दरीकडं कुठं चाललास, जीव जड झाला व्हय? सारा वेळ ते मला आणि मी त्यांना बोलत होतो. त्या शिव्यांच्या आधाराने टँकर म्हसोबाच्या दगडापाशी असलेल्या सपाट जागेवर येऊन उभा राहिला. मी परत चावीकडे हात नेला. चाचा परत खेकसले. त्यांचा टेम्पो अजून वरच होता, तो शेजारून निघून जाईपर्यंत माझं इंजिन बंद व्हायला नको होतं. काय सांगावं, जागा कमी पडली तर मला आणखी सरकावं लागलं असतं.

आता मात्र मी हद्दीपलीकडे चिडलो. या माणसाला वाटत होतं मी गाडीची निगा राखत नाही. मी फेंगडत खाली उतरलो, त्यांना हाताला धरून कॅबिनच्या मागे नेलं आणि म्हणालो, “हे बघा. डोळे फाडून बघा. काठोकाठ तेल हाय. गाडीत खोट न्हाई, माझ्या नशिबात हाय.” आणि चालू गाडीची, तापलेल्या गाडीची पट्टी त्यांच्या नाकासमोर उपसली.

पट्टी जवळजवळ कोरडी होती. अगदी टोकाला एक लाल ओल, बस्स.

“ह्याला तू काठोकाठ म्हनतो?” चाचा म्हणाले.

मी पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेच. कालच तर मी तेल खुणेवर आणून ठेवलं होतं. मी त्या पट्टीकडे बघत उभा राहिलो आणि हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. बंद गाडीचं तेल सगळं खाली तळात येऊन बसतं, म्हणून काल ते वर दिसलं. गाडी चालू झाली की तेच तेल गिअरबॉक्सभर कामाला जातं आणि तळात उरेल तेवढंच खरं माप. ही गाडी माझ्या जन्मभराच्या ट्रकांसारखी नव्हती. हिचं तेल चालू असताना, तापल्यावर, सपाट जागी बघायचं असतं. सलीम मिस्त्री नेहमी इंजिन सुरू ठेवूनच बघायचे, मला वाटायचं की त्यांना इंजिनचा आवाज ऐकायचा आहे. तेल आधीच कमी झालं होतं म्हणून ती कुचरत होती, आणि मी जास्त समजून आणखी उपसलं होतं. त्यात चढ. चढाला होतं नव्हतं ते तेल मागे जमायचं आणि तेलाचा पंप हवा ओढायचा. गाडी कधीची सांगत होती, भूक लागली आहे. मी तिच्या ताटातलं काढून घेतलं.

मी बोटावर तो थेंब चोळला, हुंगला. लाल होता, जळका वास नव्हता, कचकच लागत नव्हती. म्हणजे आतल्या प्लेटा शाबूत होत्या. गाडीला फक्त तेल हवं होतं. आणि दसऱ्याच्या दिवशी बीडमध्ये एक दुकान उघडं मिळणार नव्हतं, मिळालं असतं तरी जाऊन येईपर्यंत दिवस मावळला असता. मी दगडावर बसकण मारली. आता शिव्या द्यायलाही त्राण नव्हतं. चाचांना सगळं सांगितलं, काल पूजा होती म्हणून गाडी सुरू केली नाही, बंद गाडीत बघितलं, तेल काढलं. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “काढलेलं तेल कुठं टाकलंस?”

मी वळून कॅबिनकडे बघितलं. सीटच्या मागे होतं. नाडा बांधलेलं, कुंकू लावलेलं, झाकण घट्ट. माझ्या बायकोने रात्रभर देवघरात ठेवलेलं आणि माझ्याशी भांडून गाडीत चढवलेलं.

त्यापुढचं सगळं साधंच झालं. चाचांनी पाण्याच्या बाटलीचं बूड सुऱ्याने कापून तेल ओतायला नरसाळं केलं. मी कॅनवरचं कुंकू बाहीने पुसून काढलं, आत कणही जायला नको म्हणून. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं तेल ओतलं. कॅबिनमध्ये चढून, ब्रेक दाबून धरून, लिव्हर रिव्हर्सवर नेला, थांबलो, न्यूट्रलवर, मग डी वर, पुन्हा मागे, म्हणजे तेल सगळीकडे फिरावं. परत उतरून पट्टी बघितली. तीनदा चढलो-उतरलो असेन, आणि दर वेळी घोट्यातून कळ मस्तकात गेली, पण त्या दिवशी ती कळ मला दुसऱ्या कुणाचीतरी वाटली. शेवटचा थेंब ओतला तेव्हा तेल खालच्या खुणेला जेमतेम टेकलं. मी डी वर टाकलं. गाडीने एक श्वासभर विचार केला आणि अंग हलवलं.

तोवर चाचांच्या ड्रायव्हरने टेम्पो शेजारून काढून खाली थांबवला होता. चाचा जाताना म्हणाले, “आता वर जाऊन तिची माफी माग.” मी म्हणालो, नाही मागणार. ते म्हणाले, “नको मागू. पानी तरी दे.” आणि दबलेली काही सीताफळं माझ्या सीटवर टाकून गेले, कारण म्हणे ती विकायच्या लायकीची राहिली नव्हती.

मी चढाला पेडल जपून दाबलं. गाडी सावकाश चढली, एखाद्या ठिकाणी अडखळली, पण सुटली नाही. वर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. माणसांनी टँकरला वाट करून दिली, नळ्या लागल्या, बायका घागरी घेऊन धावल्या. दादा आणि तो वाळूवाला एका बाजूला उभे होते. वाळूवाल्याने विचारलं, चढाला कशी चालते. मी म्हणालो, “चांगली चालती. पन विकायची न्हाई.” दादाने माझ्याकडे बघितलं आणि एक घागर उचलून नळीखाली धरली. मी देवळाकडे न जाता गाडीच्या मागे गेलो, कारण मला पुन्हा तेल बघायचं होतं. इंजिन चालूच ठेवलं होतं.

देवीचं स्नान झालं, संबळ वाजला आणि पालखी पायऱ्या उतरून खाली निघाली. दरवर्षी त्या वेळी मी गावात दार लावून बसायचो. आता पालखीची वाट माझ्या टँकरशेजारून होती आणि मी मधोमध उभा. उजव्या हातात तेलाची पट्टी, डाव्या हातात फडकं, दोन्ही हात लाल झालेले. पालखी माझ्यासमोर येऊन थांबली, टँकर अंगावर असल्याने भोयांना जरा तिरकं व्हावं लागणार होतं म्हणून थांबली, त्यात दुसरं काही नव्हतं. देवीचे केस अजून ओले होते. माझ्याच पाण्याने ओले होते. लोक म्हणाले, हात जोड की. हात जोडायला मोकळे नव्हते. मी तिच्याकडे सरळ बघितलं आणि जे तोंडात आलं ते म्हणालो, “माझा राग अजून गेलेला न्हाई. पन पानी आनलंय.” पुजाऱ्यांनी आपट्याचं पान माझ्या तेलकट मुठीत खोचलं आणि पालखी दिवस असताना शिवेकडे गेली.

मग मी कॅबिनमध्ये चढून बसलो आणि चाचांची सीताफळं खाता खाता रडलो. एवढी गोड फळं फुकट कुणी देतं का? पुढच्या आठवड्यात सलीम मिस्त्रींनी तेल थंड करणाऱ्या पाइपाची सैल क्लिप शोधून काढली, तिथून थेंब थेंब गळत होतं. चाचांना भेटायला मी त्यांच्या गाड्यावर गेलो, सुमनने दिलेले लाडू घेऊन. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “वर जाऊन बंद केलीस का गाडी?” नाही म्हणालो तेव्हा कुठे लाडू घेतले.

हे सगळं देवीने केलं का? मला माहीत नाही. तेल माझं, चूक माझी, कॅन सुमनचा, राग चाचांचा. पण मी रोज रात्री अंथरुणावर पडलो की एकच हिशेब मांडायचो, तिने काय दिलं आणि काय घेतलं, आणि दर वेळी ती चुकलेलीच निघायची. ओट्यावर बसून, सगळं बंद पडलेलं असताना मी ते माप घेत होतो. चालू आयुष्यात ती कुठे कुठे फिरत होती ते मला तळात कसं दिसणार? आता माप घेणं मी सोडून दिलं आहे. घाट चढायचा, जे लागेल ते ओतायचं, पोचवायचं तिथे पोचवायचं. बाकीचं तिच्यावर. पायाचं दुःख आहेच आणि त्यावरून आमचं भांडणही आहे. ते मी तिच्यासमोरच भांडतो, पाठीमागे नाही.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या दारात गाडीची पूजा झाली ती इंजिन चालू ठेवून. हार थरथरत होते, बॉनेटवरचा नारळ दोनदा घरंगळला, शेजारपाजारचे हसून बेजार झाले. सुमनने पाने आणि जॅकला हळदकुंकू वाहिलं, मग पट्टी माझ्या हातून घेतली, तिच्यावरचं तेल दोन्ही खुणांच्या मध्ये आहे हे आधी नीट बघितलं आणि मग कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावलं. मी पुसलं नाही.